वहिनींची उजवी बाजू

मेलेली हार्ड डिस्क मी डोळे मिटून बदलतो! हे वाक्य गेली आठ वर्षं मी ऐटीत सांगत आलोय. त्या दिवशी काम खरंच न बघता केलं आणि तेच नडलं!

माझ्या वहिनी दातांच्या डॉक्टर. दवाखान्यातले नऊ वर्षांचे एक्स-रे एका पेटीत साठवलेले. पेटीत चार डिस्क ओळीने उभ्या. एक मेली तर उरलेल्या तिघी तिचं काम सांभाळून घेतात. पण दुसरीही गेली, की नऊ वर्षं पाण्यात! तर एक मेली होती. तिच्यावर लाल दिवा लागला होता. ती ओढायची, नवी खुपसायची. गाढवालाही जमेल. म्हणून मला बोलावलं.

आणि पेटी ठेवली होती कुठे? कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत! ते कपाट करणाऱ्या सुताराला त्याच फटीत उभा करायला हवा. माझा हात खांद्यापर्यंत आत, गाल भिंतीला चिकटलेला, नजर छताला. दिवा काय कपाळाने बघू?

"वहिनी, लाल दिवा कितव्या डिस्कवर आहे ते जरा बघून सांगा!"

वहिनी चालू काम सोडून आल्या. खुर्चीत एक निवृत्त हेडमास्तर होते. गाल बधिर, तोंडात कापूस, आ वासलेला. बाहेर बाकावर आणखी चौघं. वहिनी माझ्या डोक्यावरून वाकल्या.

"उजवीकडून दुसरी."

"नक्की?"

"भाऊजी, वीस वर्षं हेच करतेय मी. कुठली काढायची ते मला नका शिकवू!"

मी उजवीकडून दुसरी ओढली. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी पेटी किंचाळली! टेबलावरच्या पडद्यावरून हेडमास्तरांची दाढ गायब!

"अहो, ही कुठली काढलीत?"

"उजवीकडून दुसरी!"

"ही डावीकडची आहे!"

"वहिनी, हा माझा उजवा हात आहे. जन्मापासून!"

"तुमचा उजवा कोण विचारतंय? पेटीचा उजवा! आम्ही पेशंटची उजवी बाजू धरतो. आपल्यासमोर तोंड करून बसलेल्याची!"

"ती पेटी आहे! तिला तोंड नाहीये!"

"मग किंचाळतेय कुठून?"

माझं डोकंच फिरलं. "चांगली होती ती!" मी ओरडलो. "धडधाकट काढली आपण! सडकी आहे ती अजून आतच!"

मागे खुर्ची करकरली. हेडमास्तर बधिर तोंडात चार बोटं घालून मोजणी करत होते. बधिर हिरडीला काय कळणार, आहे की गेली?

"ऊठली?" ते कापसातून गरजले. "ऊठली आढली?"

"काळजी नको, सर," मी म्हणालो. "निघाली तशी परत बसवतो. दाबली की बसते!"

"आणि नाही बसली तर?" वहिनी रडकुंडीला आल्या.

"तर उरलेल्याही गेल्याच समजा!"

हेडमास्तर उठले. गळ्यातल्या टॉवेलसकट दाराबाहेर धावले. "आंगली आढली! अगळ्या आढणाअ!" बाहेर आरडाओरडा, चपलांची फटफट, बाक उलटल्याचा आवाज. पण आम्हाला कुठलं भान?

मी चांगली डिस्क परत खुपसली. पेटी बंद केली, पुन्हा चालू केली. वहिनींनी माझं मनगट असं आवळलं, की नाडी थांबावी. एक हिरवा दिवा. दुसरा. तिसरा काही केल्या लागेना! वहिनींनी डोळे मिटले. लागला!

पडद्यावर हेडमास्तरांची दाढ मुळांसकट परत आली. वहिनी तिथेच जमिनीवर बसल्या. मी कपाट ओढलं (हलत होतं हो ते, चाकं होती त्याला!), डोळे फाडफाडून लाल दिवा बघितला आणि नवी डिस्क बसवली.

नऊ वर्षांचे सगळे पेशंट पेटीत सुखरूप होते. दवाखान्यात मात्र एकही उरला नव्हता.