पुलाखाली, तिसरा खांब

ऑफिसात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे रकानेभाऊ म्हणत. फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हे त्यांचं व्रत. तान्ह्या बाळाच्या फॉर्ममध्ये ‘व्यवसाय’ आला, तर तिथंही ते ‘रडणे’ लिहून मोकळे होत.

म्हणून बेघरांच्या मोजणीला साहेबांनी त्यांनाच धाडलं. जितके बेघर भरतील, तितक्या खाटा गोदामातून निघणार. एकही भरला नाही, तर सगळ्या खाटा परत.

माणसं जागेवर सापडावीत म्हणून रकानेभाऊ पहाटेच पुलाखाली पोचले. तिसऱ्या खांबाशी एक म्हातारी पोत्यावर बसून केस विंचरत होती.

“आजी, मोजायला आलोय.”

“मोज की. मागच्या वर्षीही मोजून गेले. मी काही कमी झाले नाही.”

“यंदा खाट मिळणार आहे. थंडीच्या आधी. माझा शब्द.”

“शब्दावर निजता आलं असतं तर काय पाहिजे होतं!”

नाव झालं, वय झालं. पत्त्यापाशी पेन अडलं.

“आजी, पत्ता काय लिहू?”

“पत्ता असता तर तू आला असतास का?”

“रिकामं नाही ठेवता येत हो.”

“मग लिही, पुलाखाली, तिसरा खांब. पोस्टमन आलाच तर सांग, दाराला बेल नाही. बाहेरून खोकायचं.”

रकानेभाऊंची कळी खुलली. मग ‘बंद दुकानाची दुसरी पायरी’, ‘बागेतलं बाकडं, नळाकडचं’ असं करत उजाडेपर्यंत अडतीस फॉर्म गच्च भरले. शेवटचा फॉर्म मोजणाऱ्याचा स्वतःचा. तिथं मात्र पत्त्यापाशी पेन पुन्हा अडलं. त्यांच्या सरकारी क्वार्टरचं छत कोसळलं होतं, बायको माहेरी गेली होती आणि ते स्वतः तीन आठवडे ऑफिसच्या टेबलावर, फायली उशाला घेऊन झोपत होते. क्वार्टर लिहावी तर खोटं, ऑफिस लिहावं तर नोकरी जाईल. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक रकाना रिकामा सोडला.

दुपारी साहेबांचं बोलावणं आलं.

“एकोणचाळीस फॉर्म आलेत. अडतीस जणांना पत्ता आहे. कॉम्प्युटर म्हणतो, ते बेघर नाहीत.”

“साहेब, पुलाखाली राहतात ते!”

“राहतात ना? मग झालं तर.”

“आणि एकोणचाळिसावा?”

“अख्ख्या गावात बेघर एकच. तुम्ही.”

“सगळे फॉर्म पुन्हा भरून देतो, साहेब!”

“यादी वर गेली. छत खाली येतं, यादी येत नाही.”

आठवड्यानं ऑफिसच्या दारात टेम्पो थांबला. आत एकुलती एक खाट, रकानेभाऊंच्या नावची. ड्रायव्हरनं चलन पुढं केलं. “कुठं टाकू ही? पत्ता नाही याच्यावर.”

रकानेभाऊंनी रिकाम्या रकान्याकडे पाहिलं. थंडी पडायला लागली होती आणि शब्द तर देऊन बसले होते. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, ‘पुलाखाली, तिसरा खांब’.

संध्याकाळी आजी खाटेवर बसून ती किती करकरते ते बघत होत्या. रकानेभाऊ खाली पोत्यावर टेकले होते. तेवढ्यात फोन वाजला.

“अभिनंदन!” साहेबांचा आवाज फुलला होता. “चलनावर तुमचाही पत्ता लागला. गावात बेघर शून्य! बाकीच्या खाटा आजच परत धाडल्या.”

रकानेभाऊ फोन खिशात टाकून उठले.

“काय म्हणतो तुझा साहेब?”

“मला घर मिळालं म्हणतो.”

“आणि आता निघालास कुठं?”

“टेबलावर, झोपायला.”

“घर असताना टेबलावर?” आजींनी उशाची चादर काढून त्यांच्या अंगावर टाकली. “पड इथंच. फक्त रात्री खोकू नकोस. दारावर कोण आलं म्हणून मला उठावं लागेल.”