पट्टा क्रमांक सात

संशोधकबाईंनी संचालकांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "डोक्याला बांधायच्या या पट्ट्यांनी स्मरणशक्ती वाढते की नाही, याचा तीन महिन्यांत सोक्षमोक्ष लावते!"

वीस पट्टे आले. दहांतून खरोखर वीज जायची, उरलेल्या दहांचे नुसतेच दिवे लुकलुकायचे. खरे कुठले, ते लिहिलेलं सीलबंद पाकीट एकच होतं. कुणाला मोह नको म्हणून बाईंनी ते स्वतःच्या हातानं लपवलं. माणसं एकोणीसच मिळाली, तेव्हा विसावा पट्टा बाईंनी स्वतःच बांधला. सात नंबरचा गेला त्यांच्या सासऱ्यांकडे. ते निवृत्त पोस्टमन.

पहिल्या आठवड्यात सासऱ्यांना तीसपैकी नऊ शब्द आठवले. शेवटच्या आठवड्यात तीसच्या तीस, तेही ओळीनं! बाई थक्क झाल्या. काय हे यंत्र!

निकालाच्या दिवशी संचालक येऊन बसले. सासरेही कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते.

"आणा पाकीट!"

बाई उठल्या आणि जागीच थिजल्या. पाकीट कुठंय? खण उपसले, कपाटं पालथी घातली, कचऱ्याची टोपलीसुद्धा उलटी केली. पाकिटाशिवाय तीन महिन्यांचं काम पाण्यात आणि पाठोपाठ नोकरीही! बाई रडकुंडीला आल्या.

"सूनबाई, वजनकाट्याच्या खोक्यात बघ," सासरे हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशी माझ्यासमोरच ठेवलंस की! उघडलं नाही हं मी. दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही."

पाकीट तिथंच होतं!

"बघा सर, सात नंबरची कमाल!" बाईंचा आवाज परत चढला.

संचालकांनी पाकीट फोडलं. "सात नंबर... नुसते दिवे."

"अहो बाबा, मग तीस शब्द कसे आठवले?"

"त्यात काय! टपाल वाटायच्या माझ्या जुन्या बीटवरच्या एकेका घरात एकेक शब्द टाकत गेलो. साबण वकिलांकडे, हत्ती शिंपीणबाईंकडे. मग परत तीच फेरी मारायची. चाळीस वर्षं मारलीय."

बाई त्या पांढऱ्या केसांच्या डोक्याकडे बघतच राहिल्या. रोज त्याच डोक्यावर आपण दिवे लावत होतो!

"आणि हा वीस नंबर कुणाचा?" संचालकांनी चष्मा वर केला. "खरा पट्टा, रोज वीस मिनिटं वीज!"

बाईंना ते काही केल्या आठवेना. सासऱ्यांना आठवत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विचारलेला पत्ता सांगितला नाही!