ड्रॅगन बोटीतला एकमेव जेंट्स

त्या रविवारी मी गाडीतून खाली उतरलो नसतो, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. बायकोला तलावावर सोडायचं, सीट मागे करायची, तोंडावर पेपर घ्यायचा आणि झोपायचं, एवढंच ठरलं होतं. पण गाडीत उकडत होतं. म्हटलं, जरा पाय मोकळे करू. (माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे पाय मोकळे करताना झालेले आहेत.)

तेव्हा आम्ही नुकतेच गुडगावात राहायला गेलो होतो. गुडगाव तेव्हा नव्हतंच अजून, व्हायचं होतं. बिल्डरच्या रंगीत कागदावर क्लब, शाळा, मार्केट, सगळं होतं. प्रत्यक्षात आमची बिल्डिंग होती, एक वॉचमन होता आणि चहूकडे मोहरीचं शेत. मी सकाळी चार्टर्ड बसनं कोपर्निकस मार्गावरच्या ऑफिसला जायचो, तो अंधार पडल्यावर परत. सुकन्या दिवसभर घरी. पहाडगंजात आम्ही भाड्यानं राहत होतो तेव्हा खिडकी उघडली की चार जणी बोलायला असायच्या. इथे खिडकी उघडली की धूळ यायची. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे आनंद आहे, असा माझा तेव्हा समज होता.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मी बोटीला नाव दिलंय."

मी मॅच बघत होतो. "बोटाला? काय झालं बोटाला?"

"बोटाला नाही हो, बोटीला! ड्रॅगन बोट. सोसायटीतल्या बायकांची टीम होतेय."

"अच्छा, अच्छा," मी म्हणालो. "हळद लाव."

प्रकार असा होता की आमच्या बिल्डरला सोहना रोडच्या पलीकडे, एका जुन्या तलावाच्या काठावर नवीन फ्लॅट बांधायचे होते. गिऱ्हाईक यावं म्हणून त्यानं तिथे मेळा भरवायचं ठरवलं, आणि मेळ्यात ड्रॅगन बोटींची शर्यत. ही बोट म्हणजे एक लांबलचक, अरुंद होडी. पुढे राक्षसासारखं रंगवलेलं तोंड, मधे दोन-दोनच्या जोड्यांनी वल्ही मारणाऱ्या बायका, मागे सुकाणू धरणारा माणूस, आणि सगळ्यांत पुढे उंच स्टुलावर, बायकांकडे तोंड करून, ढोल वाजवणारी. जिंकणाऱ्या टीमला कलकत्त्याच्या मोठ्या शर्यतीला पाठवायचं, जाणं-येणं-राहणं बिल्डरकडून.

टीमची कॅप्टन होती आमच्या वरच्या मजल्यावरची निधी मल्होत्रा. आणि शिकवायला होते सुभेदार धोंडीराम. साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, कँटोनमेंटात मुलाकडे राहायचे. फौजेत त्यांनी होड्या चालवल्या होत्या. ते हुकूम हिंदीत सोडायचे आणि शिव्या मराठीत द्यायचे, त्यामुळे त्या फक्त सुकन्येलाच कळायच्या आणि एकटी तीच हसायची.

सुकन्या सांगलीची. लहानपणी कृष्णेत पोहायची, पुरातसुद्धा. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे तसंच, जसं तिचा रक्तगट मला माहीत होता. आता ती पहाटे गच्चीवर जाऊन दंड काढू लागली. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला मला हाक येईना. पोळ्या लाटताना ती तोंडातल्या तोंडात "एक, खेच, एक, खेच" म्हणायची आणि पोळ्या लांबट व्हायच्या. फोनवर निधीशी, पहिल्या मजल्यावरच्या अलकाशी तासन्‌तास हिंदीतून हसायची. मला बरं वाटायला हवं होतं. वाटायचंही. पण माझ्याशिवाय माझ्या घरात इतका आनंद चाललाय हे जरा टोचायचंही, खोटं कशाला बोलू?

तर त्या रविवारी मी गाडीतून उतरलो. काठावर बायका गोल करून उभ्या होत्या आणि मधे निधी कपाळाला हात लावून.

"अलका की कमर गई," ती म्हणाली. अलका म्हणजे ढोल वाजवणारी. गॅस सिलिंडर सरकवताना तिच्या कमरेत चमक भरली होती. शर्यत तोंडावर आली होती आणि स्टूल रिकामं.

"लेडीजच पाहिजे का?" मी उगाच विचारलं.

"ढोलावर कुणीही चालतं," सुभेदार म्हणाले.

"मग मी आहे की! गणपतीत ढोल वाजवलाय मी." (मी झांज वाजवली होती. तीही एकदाच, झांजवाला चहाला गेला तेव्हा.)

"अरे वाह, भाईसाहब!" निधी म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी एवढ्या टाळ्या लग्नानंतर प्रथमच वाजत होत्या.

सुभेदारांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोहता येतं का साहेब?"

"बिल्कुल!" मी म्हणालो. पहाडगंजात वाढलेला माणूस मी. आमच्याकडे नळालाच पाणी यायचं नाही, पोहणार कशात? सुकन्येला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघींत नवऱ्याला खोटं पाडायला नको, म्हणून गप्प बसली. तेव्हा मला वाटलं, अभिमानानं तिला बोलता येत नाहीये.

सरावाला सुरुवात झाली. सुकन्या पहिल्या जोडीत होती. पहिल्या जोडीच्या लयीवर सगळी बोट चालते, त्यामुळे तिथे सगळ्यांत भरवशाच्या बायका बसवतात, हे मला नंतर कळलं. म्हणजे मी स्टुलावर आणि ती माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एवढा वेळ समोरासमोर कधी बसलो नव्हतो. घरी आम्ही शेजारी बसतो, समोर टीव्ही असतो. तिच्या कपाळावर घाम आला की डाव्या भुवईपाशी एक बारीक आठी पडते, हे मी प्रथमच पाहिलं. ती सुंदर दिसत होती. हे तिला सांगावं असं वाटलं. प्रत्यक्षात मी म्हणालो, "पाठ सरळ ठेव."

मग सवयच लागली. "हात लांब कर." "उजवीकडे बघू नकोस." "श्वास घे." (ती आधीपासून घेत होती.) दुसऱ्या बायकांना सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून सगळ्यांच्या वाटचं तिला एकटीलाच सांगायचो.

ढोलाची अडचण वेगळी होती. मला लय फक्त आरतीची ठाऊक, आणि आमच्या मंडळातली आरती सुरू व्हायची सावकाश आणि संपायची धावत, कारण पुढ्यात प्रसाद असायचा. माझा ढोलही तसाच. तलावाच्या मध्यापर्यंत ठीक, मग हात आपोआप पळू लागायचे. मागची वल्ही पुढच्या वल्ह्यांवर खटाखट आपटायची.

"साहेब!" मागे सुकाणूवरून सुभेदार ओरडायचे. "बाईंच्या वल्ह्याकडं बघून वाजवा! बाईंनी तुमच्याकडं बघून नाही वल्हवायचं!"

हे वाक्य मी त्या वेळी फक्त ढोलापुरतं ऐकलं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सुकन्या भाजी निवडत होती. खाली बघतच म्हणाली, "अलकाला बरं वाटतंय. पट्टा बांधून बसायला हरकत नाही म्हणाले डॉक्टर."

"तिला म्हणावं, आराम कर. मी आहे ना."

"तसं नाही. म्हणजे... तुम्ही नुसतं बघायला आलात तरी चालेल. काठावरून. मी कशी वल्हवते ते बघा की एकदा."

"वेडी आहेस का? तुला एकटीला सोडीन मी?"

ती थोडा वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "बरं." एवढंच. किती स्पष्ट विचारलं होतं तिनं! आजही मेथी निवडताना दिसली की मी खोलीतून उठून जातो.

शर्यतीच्या दिवशी काठावर तंबू, गोलगप्पे, फुगे, लाउडस्पीकर. चार टीम. सुरुवात इतकी सुरेख झाली की मलाच खरं वाटेना. मी सुकन्येच्या वल्ह्याकडे बघत वाजवत होतो आणि हात पळत नव्हते. अर्धी शर्यत झाली तेव्हा आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. वल्ही एकदम आत, एकदम बाहेर. सुकन्येच्या डोळ्यांत असं काही होतं की ती बहुतेक मला बघतच नव्हती. ती सांगलीला असावी, कृष्णेत, फ्रॉकमधे. शेवटच्या टप्प्यात बोट काठाच्या कडेनं वळली आणि समोर पताका दिसू लागल्या.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "और ये देखिए साहिबान, लेडीज की टीम में इकलौते जेंट्स! तालियाँ हो जाएँ भाईसाहब के लिए!"

काठावर टाळ्या कडाडल्या. मी काय करायला हवं होतं? ढोल वाजवायला हवा होता. मी उभा राहिलो. स्टुलावर. टिपरू उंच करून लोकांना नमस्कार केला, आणि नमस्कार पुरा व्हायच्या आत पाण्यात होतो.

अंगात लाइफ जॅकेट होतं, पण पोटावर बसत नाही म्हणून मी त्याचा खालचा पट्टा बांधला नव्हता. ते सर्रकन वर सरकून माझ्या तोंडावर आलं. अंधार. नाकात पाणी. बाहेर सुभेदारांचा आवाज ऐकू येत होता, "रुकना नहीं! चलते रहो! रेस्क्यू बोट आ रही है!" आणि ती खरोखरच येत होती. मी फक्त थोडा वेळ गप्प राहायचं होतं. तेवढंसुद्धा जमलं नाही मला. जेवढा आवाज होता तेवढा सगळा काढून मी ओरडलो, "सुकन्या! मी बुडतोय!"

तिनं वल्हं टाकलं आणि उडी मारली.

पहिल्या जोडीतली बाई गेल्यावर बोटीत काय राहतं? मागच्या बायकांची लय तुटली, वल्ही अडकली, बोट आडवी फिरली. बाजूनं दुसरी टीम गेली. मग तिसरी. मग चौथी, जिच्यातल्या अर्ध्या बायका फोटोसाठी आल्या होत्या.

माझी कॉलर कुणीतरी घट्ट धरली. तोंडावरचं जॅकेट खाली ओढलं गेलं आणि सुकन्येचा चेहरा दिसला, पांढराफटक. मी हातपाय झाडतच होतो.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"बुडालो, बुडालो!"

"अहो, उभे राहा."

मी उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.

काठावरचा हशा लाउडस्पीकरशिवायही लांबवर गेला असेल. कुणीतरी फोटो काढत होतं. मी हात वर करून, गाळात पाय रोवून उभा, आणि माझी कॉलर अजून तिच्या मुठीत. ती हसली नाही. तिनं एकदा वळून पताकांकडे पाहिलं, तेवढंच.

सुभेदारांनी मराठीत एकही शिवी दिली नाही, आणि तेच जास्त लागलं. परत येताना गाडीत सीटवर टॉवेल अंथरून आम्ही ओले बसलो होतो. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मला वाटलं, तुम्ही खरंच गेलात," ती म्हणाली. "उडी मारेपर्यंत दुसरं काही सुचलंच नाही. मग पायाला जमीन लागली."

"मग?"

"मग इतका राग आला की वाटलं, परत बुडवावं." आणि ती खिडकीबाहेर बघून हसली की रडली, ते मला रस्त्यावरून नजर काढता न आल्यामुळे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली होती. दुपारी सुकन्येनं कपाटामागून एक चाकांची बॅग काढली. कलकत्त्यासाठी तिनं ती अलकाकडून आधीच मागून आणून ठेवली होती, मला पत्ताच नव्हता. लग्नानंतर एकटीचा असा तिचा तो पहिलाच प्रवास झाला असता. ती रिकामी बॅग घेऊन जिना उतरू लागली. प्रत्येक पायरीवर चाकं खडखडत होती. मला ऐकवेना. मी बाथरूममध्ये जाऊन नळ जोरात सोडला. (नळाला पाणी नव्हतं.)

पुढच्या वर्षी शर्यत झालीच नाही. बिल्डरचे फ्लॅट विकले गेले, बोटी जिथून आणल्या होत्या तिथे परत गेल्या. बायका अधूनमधून निधीकडे जमायच्या, पण तिथे आता किटी पार्टी असायची. सुकन्या गच्चीवर जायची थांबली. एकदा मीच म्हणालो, दुसरीकडे कुठे बोटी असतील तर चौकशी करू या. ती म्हणाली, "बघू." लोणच्याची बरणी पुन्हा माझ्याकडे येऊ लागली, आणि झाकण उघडताना मला अजिबात पुरुषासारखं वाटेना.

आणि मग एका सकाळी दिल्लीच्या रस्त्यावर, आमची चार्टर्ड बस जिथून वळते तिथे, बिल्डरचं भलंमोठं होर्डिंग लागलं. त्यावर मी! तीन मजली. कमरेएवढ्या पाण्यात, हात वर, तोंड उघडं. खाली ठळक अक्षरांत: 'आपकी अपनी झील! बच्चों के लिए भी पूरी तरह सुरक्षित!' फोटोच्या कडेला सुकन्या कापली गेली होती. राहिला होता फक्त तिचा हात, माझ्या कॉलरवर.

बसमधल्या लोकांनी आठवडाभर मला खिडकीचीच सीट दिली, सगळ्यांना मी आणि होर्डिंग एकदम बघायचं होतं.

रविवारी सुकन्येला तिथे घेऊन गेलो. गाडी बाजूला लावली. ती खाली उतरली आणि मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिली. मग खूप दिवसांनी, अगदी मनापासून हसली.

"दंड बघा माझा," ती म्हणाली. "काय दिसतोय!"

"दिसतोय खरा," मी म्हणालो. तिला हसताना बघून मलाही जरा धीर आला. "आणि मी?"

तिनं पुन्हा वर पाहिलं. मान तिरकी करून, नीट विचार करून म्हणाली,

"तुम्हीही हवेतच की. तुमच्यामुळे पाण्याची खोली कळते."