संग्रामचा नकार

“मागच्या महिन्यात बघितलं की यांचं जनावर! आज परत?” आसावरी नवऱ्याच्या कानात पुटपुटली. मागे ताटं घेऊन उभ्या असलेल्या वीणाने ते ऐकलं आणि यजमानीण या नात्याने ऐकलं नाही.

अमेरिकेत स्थिरावलेल्या कुटुंबाकडे पाहुण्यांना दाखवण्याजोगं काहीतरी असणं आवश्यक आहे. आधी गाडी, मग स्विमिंग पूल, मग मूल. मूल मोठं होऊन घराबाहेर पडलं की पद रिक्त होतं. ते भरण्यासाठी वीणाच्या नवऱ्याने, म्हणजे संजीवने, चँडलर शहराच्या कडेला एकरभर जागा घेऊन मेंढीसारखी लोकर आणि उंटासारखी मान असलेले दोन अल्पाका आणले. (एकटा ठेवला तर खंगतो. माणसांसाठी असा नियम नाही.) एक संग्राम, दुसरा राजस.

प्रशिक्षण शास्त्रशुद्ध होतं. डोक्याला हात लावायचा नाही. समोरून अंगावर जायचं नाही. त्याने एक पाऊल टाकलं की लगेच दोरी सैल सोडायची. कान मागे गेले तर नाराजी, खाली बसला तर स्पष्ट नकार; आणि नकार मिळाला की माणसाने थांबायचं. (आग्रह केल्यास थुंकतो. ऐंशी टक्के थुंकी आग्रह करणाऱ्यावर पडते, उरलेली बायकोवर.) संजीव हे सगळं इतकं हळुवारपणे करायचा की वीणाला कौतुक वाटायचं, आणि आत कुठेतरी तुटायचंही.

आज त्यांची मुलगी इला आली होती. अर्ध्या तासावर राहूनही अशी जेवणं तिने दोन वर्षं चुकवली होती. तिने पुन्हा यावं, एवढंच वीणाला हवं होतं.

संग्रामला अंगणात आणलं. तीन फळ्या ओलांडायच्या होत्या. पहिलीपाशीच त्याने गुडघे दुमडले आणि बसकण मारली.

“नको म्हणतोय तो,” संजीवने तत्काळ दोरी सोडली. “मनाविरुद्ध काही करायचं नाही.”

“किती समजून घेता हो त्याला!” आसावरी भारावली.

कार्यक्रमात मात्र खंड पडला होता.

“मग इला, तू म्हण काहीतरी,” संजीव म्हणाला. “लहानपणी काय गोड म्हणायचीस!”

(इला सव्वीस वर्षांची असून वकिली करते. पाहुण्यांच्या दृष्टीने ही बाब गौण आहे.)

“नो, बाबा. प्लीज.”

“अगं, आपलेच काका-मावशी आहेत. दोनच ओळी!”

इलाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तिथेच मातीत, संग्रामच्या शेजारी, खाली बसली. हशा पिकला. प्रोत्साहनपर टाळ्या सुरू झाल्या.

“लाजतेय,” संजीवने खुलासा केला.

वीणाने हातातली ताटं खाली ठेवली.

“लाजत नाहीये. नको म्हणतेय. चार वर्षांची असल्यापासून तेच म्हणतेय, आणि आपण सगळे टाळ्या वाजवतोय.”