कादंबरीवर तीन हजार पिल्लं

भाजे गावात दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरली. त्यानंतर कलेच्या बाबतीत तिथं विशेष काही घडलं नव्हतं. ही उणीव मी दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये भरून काढली!

टाळेबंदीत कॉलेज बंद. घरात मी एकटा आणि बावीस वर्षं चाललेली माझी कादंबरी. मळवलीत असेच एकेकटे सडत पडलेले दोघं स्नेही होते: चित्रं काढणाऱ्या माधवीबाई आणि रेल्वेतून निवृत्त झालेला, पेटी वाजवणारा आदिनाथ. तिघांनी अंतर राखून एकत्र बसावं, आपापलं काम करावं, एवढीच जागा हवी होती. ती भाज्यातल्या रखमाजीआबांकडे होती. कोंबडी खाल्ली की रोग होतो अशी आवई उठली, कंपनीनं पिल्लं पाठवणं थांबवलं आणि आबांची दीडशे फुटी पोल्ट्री रिकामी पडली. न्हाईतरी पडूनच हाय, बसा की, असं तेच म्हणाले.

आम्ही झाडलं, धुतलं, चुना मारला. वास तेवढा राहिला. कलेसाठी माणसं याहून वाईट सोसतात, असं मी म्हणालो. माधवीबाईंनी मास्कवर दुसरा मास्क चढवला. त्यांच्याकडून मी दारावर पाटी रंगवून घेतली: 'इथलं सगळं सगळ्यांचं'. शिवाय नियम केला, की झालेलं काम घरी न्यायचं नाही. रोज संध्याकाळी मी कादंबरीची दहा पानं वाचून दाखवी. दोघं डोळे मिटून ऐकत. मेअखेरीस शेवटचं पान लिहिलं. चारशे बारा फुलस्केप, सगळे पाठकोरे, एकुलती एक प्रत!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर दारात टेम्पो. अफवा विरली होती, कोंबडीचा भाव चढला होता आणि कंपनीनं आदल्या संध्याकाळी एक फोन करून पहाटे पिल्लं आणून ओतली होती. आत बल्ब पेटलेले, पत्र्याची गोल कडी उभी केलेली, आणि त्या कड्यांत तीन हजार पिवळे जीव माझ्या कादंबरीवर उभे!

एक दिवसाच्या पिल्लाखाली तुसावर कागद अंथरावा लागतो, नाहीतर ते दाणा सोडून तूस खातं आणि मरतं. दोन महिने पेपरच आले नव्हते, तर रद्दी कुठून आणायची? आबांनी हे सगळं शांतपणे समजावलं. निदान विचारायचं तरी, असं मी म्हणालो. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"मग बाईंची चित्रं का नाही घातली?"

"रंग हाय त्याला. पिल्लांच्या पोटात जायचा. तुमचं बरं हाय सर, त्यात काईच न्हाई."

माझं सांत्वन करायला आदिनाथनं पेटी उघडून एक सूर लावला. त्या सुरासरशी पिल्लं दचकून एकमेकांच्या अंगावर चढली. आबांनी आधी पेटी बाहेर नेऊन ठेवली, मग आम्हाला.

कागद ओढावेत, तर पिल्लं चिरडणार आणि आबांचं वर्ष बुडणार. कागद तसेच राहू दिले. पाचव्या दिवशी कागद निघाले ते थेट उकिरड्यात गेले.

तरी आशा होती. दोघांनी कादंबरी अथपासून इतिपर्यंत ऐकली होती! आठवून आठवून परत लिहू, म्हणालो. माधवीबाईंना सुरुवातीचं धुकं आठवत होतं. आदिनाथनं ऐकताना मिटायचा तसे डोळे मिटले.

"नायक... होता ना त्यात?"

मी उठलो आणि आबांकडे गेलो. कशाला, ते मलाही ठाऊक नव्हतं. आबा म्हणाले, पिल्लं राखत पाच दिवस हितंच बसलो होतो, दुसरं काय करणार, पिल्लांच्या पायातनं दिसेल तेवढी वाचली. या जगात माझा एक वाचक निघाला होता!

"कशी वाटली, आबा?"

आबांनी कान खाजवला. "ती सुमन शंभराव्या पानावर मेली न्हवं? मंग तीनशेव्यावर चा कुणी टाकला?"

बघतो, असं सांगून मी घरी आलो. सुमन मेली होती, हे मला तरी कुठं आठवत होतं!