दहा वर्षांत सत्तावीस वर्षं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माणूस शोधण्यात माझा हात धरणारा आख्ख्या मेयो जिल्ह्यात कोणी नाही! बत्तीस वर्षं टपाल वाटलंय मी. ‘मेरी, हिरवं दार, चर्चच्या पलीकडे’ एवढ्याच पत्त्यावर अमेरिकेहून आलेलं पत्र मी बरोब्बर त्या मेरीच्या हातात ठेवलंय. आणि चर्चच्या पलीकडे हिरवी दारं चार होती, मेऱ्या सहा!

तेव्हा डीलिया आत्याच्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला काय द्यायचं, हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच. जुन्या जनगणनेचे कागद सरकारने फुकटात कॉम्प्युटरवर टाकलेत. 1901चे आणि 1911चे, घरोघरचे, जसेच्या तसे, हाताने लिहिलेले. त्यातलं आमच्या सबाइना पणजीचं पान काढायचं, झकास फ्रेम करायची आणि आत्याच्या चुलीवरच्या भिंतीला लावायची!

“त्यापेक्षा स्वेटर दे,” माझी बायको ग्रोन्या म्हणाली.

बायकांना इतिहासाची आवड नसते. निदान तेव्हा मी असं म्हणालो होतो.

पणजीच का, तर आमच्या लॉफ्टस घराण्यात मिरवण्यासारखं दुसरं काहीच नाही. ना कोणी बिशप झाला, ना कोणी देशासाठी फासावर गेला. सबाइना पणजी मात्र एकशे पाच वर्षं जगली. तिच्या थडग्यावर तसं ठसठशीत कोरलंय. ह्या एकशे पाचचा सगळ्यात मोठा आधार होता तो डीलिया आत्याला, आणि त्यापायी सगळ्यात जास्त भोगलं ते फेस्टसने.

फेस्टस म्हणजे आत्याचा होणारा नवरा. 1985 साली बेलमलेटच्या नाचात दोघं भेटले आणि त्याच वर्षी साखरपुडा झाला. अंगठी आजही आत्याच्या बोटात आहे. लग्न तेवढं राहिलंय! आधी आत्याच्या आईचं आजारपण होतं. मग छपराचं काम निघालं. मग शेजारणीची गाय व्यायची होती. पुढे कारणं संपली तशी आत्या सरळच म्हणायला लागली, “आमच्या घरातल्या बायका शंभरी ओलांडतात रे! आत्तापासून नवरा घरात आणून त्याचं करू काय?”

दर रविवारी फेस्टस येतो, कोबी-बटाटे आणि डुकराच्या मांसाचं जेवण जेवतो, भांडी पुसतो आणि सायकलवरून सहा मैल घरी जातो. मी त्याला एकेचाळीस वर्षं काका म्हणतोय, पण आतोबा म्हणायची वेळच येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, खरंच. एक्याऐंशी वर्षांचा माणूस समुद्रावरच्या वाऱ्यात सायकल रेटत निघाला की बघवत नाही.

तर मी कॉम्प्युटरपुढे बसलो. अकरा मिनिटांत 1901चं पान सापडलं. अँथनी लॉफ्टस, वय सेहेचाळीस, शेतकरी. पत्नी सबाइना, वय चव्वेचाळीस. मुलगा मायकल, वय तीन. हा मायकल म्हणजे माझे आजोबा! मला भरूनच आलं. मग 1911चं पान उघडलं. अँथनी छप्पन्न. बरोबर. मायकल तेरा. बरोबर. सबाइना एकाहत्तर.

मी चष्मा पुसला. एकाहत्तरच! दहा वर्षांत बाई सत्तावीस वर्षांनी म्हातारी झाली होती. नवरा मात्र बिचारा नियमाने दहाच वर्षं पुढे गेला होता.

“ग्रोन्या! चव्वेचाळीस अधिक दहा किती?”

“बत्तीस वर्षं टपाल वाटलंस ना तू? पत्रं पोचली तरी कशी रे लोकांना?”

मी विचारात पडलो. एकाहत्तर धरले तर मायकल आजोबा पणजीला अठ्ठावन्नाव्या वर्षी झाले! असं फक्त बायबलमध्ये होतं, आमच्या ग्लेनकार गावात होत नाही. म्हणजे ही बाई ती नव्हेच. पहिली सबाइना वारली असणार आणि पणजोबांनी दुसरी केली असणार. तीही सबाइनाच, आणि वयाने पंधरा वर्षं मोठी! पणजोबांची निवड मला जरा विचित्र वाटली, पण आवड असते एकेकाची.

हे मी फक्त ग्रोन्याला सांगितलं. ग्रोन्याने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं. ग्रोन्याची बहीण गावात पार्लर चालवते.

दुसऱ्या दिवशी दुकानात दूध घ्यायला गेलो तर फादर डब्यांच्या रांगेआडून बाहेर आले. “एमन, दोन बायकांचं काय ऐकतोय मी? एकीच्या पश्चात दुसरी, की दोघी एकदम?”

“पश्चात, फादर! पश्चात!”

“मग दुसऱ्या लग्नाची नोंद आमच्या वहीत कशी नाही?”

संध्याकाळपर्यंत पणजोबांच्या बायका तीन झाल्या. खाटीक तर शपथेवर सांगत होता की तिसरी फ्रेंच होती आणि बुडालेल्या जहाजातून वाहत आली होती!

तेवढ्यात फेस्टसची सायकल माझ्या अंगणात येऊन थडकली.

“डीलिया भडकलीय. आजोबांना रखेल्यांचा गोतावळा होता असं कोण म्हणतं, विचारतेय. काठी कुठे ठेवलीय तेही विचारत होती. दाखव बघू कागद.”

मी दोन्ही पानं दाखवली. फेस्टस बघत राहिला आणि एकदम खो खो हसायला लागला.

“अरे टपालवाल्या! बाई एकच आहे. शेजारची घरं बघ की!”

बघितली. पलीकडचा पॅडन एकोणपन्नासचा चौऱ्याहत्तर झाला होता. त्याच्या पलीकडची विधवा पंचेचाळीसची बहात्तर. 1911 साली त्या वस्तीत पणजोबा सोडले तर पन्नास ते सत्तर वयाचं माणूस औषधालासुद्धा नव्हतं!

“साथ आली होती का काही?” मी विचारलं.

“आली होती. पेन्शनची! 1909 साली सरकारने सत्तरीपुढच्या सगळ्यांना पेन्शन सुरू केलं. जन्माचा दाखला कोणाकडे होता तेव्हा? तोंडाने सांगायचं, साहेबाने लिहायचं. तुझ्या पणजीने सतरा वर्षं वाढवून सांगितली आणि पेन्शन घेतलं. मग मरेपर्यंत तेच वय धरून बसावं लागलं बाईला.”

“आणि तिचा नवरा?”

“तो भित्रा असणार.”

मग फेस्टसचं हसू हळूहळू थांबलं. तो बोटं मोजायला लागला. “गेली कधी ती?”

“पंचेचाळीस साली. थडग्यावर एकशे पाच आहे. त्यातले सतरा काढले तर...”

“अठ्ठ्याऐंशी,” फेस्टस म्हणाला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “आणि डीलिया सत्त्याऐंशीची.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

“सांग तिला, एमन.”

“मी? हाय खाऊन मरेल ती! तूच सांग.”

“मी सांगितलं तर मतलबी म्हणेल. तू भाचा आहेस.” त्याने टोपी दोन्ही हातांनी पिळली. “एकेचाळीस वर्षं झाली रे.”

एवढंच म्हणाला. पण असं म्हणाला की मला नाही म्हणवेना.

रविवारी आत्याकडे जेवायला बसलो. आत्याने माझ्या पानात बटाटे घातले ते आपटूनच.

“माझ्या आजोबांच्या किती बायका झाल्या म्हणे?”

“एकच, आत्या.”

“मग गावात चार कुठून आल्या? आज प्रार्थनेला मागच्या बाकावरची माझ्याकडे बघून फ्रेंच बोलली!”

टेबलाखालून फेस्टसने मला लाथ मारली. मी बटाटा गिळला. पुढे वाटा दोनच होत्या. एक तर आजोबा बाहेरख्याली, नाहीतर आजी खोटारडी. मी मनातल्या मनात पणजीची माफी मागितली आणि सगळं सांगून टाकलं. चव्वेचाळीस, एकाहत्तर, पेन्शन, सगळं.

आत्याने काटा-चमचा खाली ठेवला. मग तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, जपमाळेची प्रार्थना करतेय. ती वजाबाकी करत होती.

“म्हणजे माझं एकच वर्ष उरलं?”

“तसंच काही नाही गं...”

“एकच वर्ष! आणि मी परवा तीन वर्षं पुरेल एवढी लोकर आणून ठेवलीय!”

“फार वाईट झालं, डीलिया,” फेस्टस म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की दिवा लावायची गरज नव्हती.

आत्या उठली. खिडकीपाशी गेली, बाहेर बघत उभी राहिली. मग तिथूनच म्हणाली, “फेस्टस, कोट आहे का धड एखादा?”

“आहे. सत्त्याऐंशी साली शिवलाय. लग्नासाठीच.”

“मग काढ बाहेर. लग्न करून टाकू.”

फेस्टस भांडी पुसायला गेला आणि बराच वेळ एकच बशी पुसत राहिला.

पुढचे चार दिवस आत्याने गावाला सळो की पळो करून सोडलं! कोंबड्या वाटून टाकल्या. शवपेटीवाल्याला आणि केकवाल्याला एकाच फोनवर गाठायला निघाली, त्यात केकवाल्याने उंची विचारली आणि हिने स्वतःची सांगितली. दाताचं काम निघालं होतं ते “एका वर्षासाठी कशाला?” म्हणून रद्द केलं. लग्नासाठी तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते हे कळल्यावर मात्र माझ्यावरच उखडली.

“तीन महिने? माझ्या बारातले तीन? तू हे आधी का नाही शोधलंस, गाढवा?”

गुरुवारी मी दोघांना गाडीत घालून नोंदणी कचेरीत नेलं. फेस्टसच्या अंगात तो कोट. एकोणचाळीस वर्षं कपाटात राहून त्याला डांबरगोळ्यांचा असा वास लागला होता की सगळ्या काचा खाली कराव्या लागल्या. पण माणूस राजबिंडा दिसत होता! अर्जावर सगळं मीच लिहिलं. आत्याने पर्समधून एक पिवळा पडलेला लिफाफा काढला. ती तरुणपणी इंग्लंडला नोकरीला गेली तेव्हाचा जन्मदाखला, त्यानंतर कधी उघडलाच नव्हता. तिने तो न बघताच पुढे सरकवला.

काउंटरवरची मुलगी मोठी गोड होती. तिने दाखला वाचला, अर्ज वाचला, परत दाखला वाचला.

“आजी, अर्जात एकोणीसशे एकोणचाळीस लिहिलंय. इथे पस्तीस आहे.”

“शाई पसरली असेल,” आत्या म्हणाली.

“नाही हो. अक्षरांतही लिहिलंय. पस्तीस.”

आत्याने दाखला हातात घेतला. तिचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं. बाई नाटक करत नव्हती! एकेचाळीस वर्षं एकच थाप मारून मारून ती थाप आहे हेच विसरून गेली होती.

“डीलिया,” फेस्टस हळूच म्हणाला, “बेलमलेटला तू मला सेहेचाळीस सांगितलं होतंस.”

“तू चाळीसचा होतास. पन्नास सांगितले असते तर दुसऱ्या गाण्याला हात पुढे केला असतास?”

“केला असता,” फेस्टस म्हणाला. “तिसऱ्यालाही.”

आत्याचे डोळे भरून आले. काउंटरवरच्या मुलीचेही आले. माझंही नाक वाहायला लागलं. इथे हा माणूस गप्प बसला असता तर! नुसता तोंड मिटून राहिला असता तर ती मुलगी शिक्का उचलणारच होती! पण फेस्टस पडला भला. आत्याला रडताना बघून त्याला राहवलं नाही. त्याने तिचा हात हातात घेतला आणि धीर दिला.

“रडतेस कशाला? उलट बघ ना. तू एक्क्याण्णवची आहेस! आजीला मागे टाकून तीन वर्षं झाली. आता तुला कसलं आलंय वर्षाचं बंधन?”

आत्या रडायची थांबली.

“खरंच की,” ती म्हणाली. तिने डोळे पुसले. ताठ झाली. “खरंच की रे!”

तिने दाखला लिफाफ्यात घातला, लिफाफा पर्समध्ये घातला आणि पर्स कट्कन मिटली.

“मग घाई कशाची आहे? चल एमन, जाताना कोंबड्या परत घेऊ.”

परतीच्या वाटेवर आत्या पुढे बसून गाणं गुणगुणत होती. मांडीवर दोन कोंबड्या होत्या. मागे फेस्टस कोटाची बटणं एकेक करून काढत होता. मी आरशात बघायचं टाळलं.

पुढच्या रविवारी फेस्टस जेवायला आला, नेहमीसारखाच. भांडी पुसता पुसता त्याने मला दाराबाहेर बोलावलं.

“एमन, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर माझ्या आजोबांचं बघ ना जरा. बटाटे काढायला स्कॉटलंडला गेले ते तिकडेच राहिले. किती जगले कोणालाच ठाऊक नाही.”

मी फोनवरच शोधलं. माणूस शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी सांगितलंच. चार मिनिटांत तिकडची मृत्यूची नोंद निघाली. वय सहासष्ट. फेस्टस ओलं फडकं हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होता.

“एकशे नऊ,” मी म्हणालो.

“काय सांगतोस! नीट बघितलंस?”

“चष्मा लावून बघितलं.”

त्याने बोटं मोजली. “म्हणजे अजून अठ्ठावीस वर्षं आहेत. तेवढ्यात होईल ती तयार.” आणि शीळ घालत भांडी पुसायला आत गेला.

पणजीने सतरा वर्षं वाढवली, तर तिला जन्मभर पेन्शन मिळालं. मी एका दमात त्रेचाळीस वाढवली, आणि मला साधा चहासुद्धा कोणी विचारला नाही!