भांडे आढळले नाही

इंडक्शन शेगडीच्या काचेवर उमटणारा तांबडा ‘ई’ पाच रेघांचा असतो. चौकटीत एकूण सात रेघा असतात. सातही पेटल्या तर आठ होतो, ठरावीक पाच पेटल्या तर बिघाड. म्हणजे आपले काहीतरी बिनसले आहे हे कळवायला यंत्राला पूर्ण ताकदसुद्धा लावावी लागत नाही. (माणसांना ती लावूनही जमत नाही.)

पनवेलजवळच्या रोडपालीत रमाच्या ओट्यावर ही शेगडी आली, त्या वर्षी सरकारने सवलतीच्या सिलिंडरांवर मर्यादा घातली होती. घरोघरी काळजी पसरली. रमाच्या नवऱ्याला मात्र उत्साह आला. विनायक तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होता, आणि टंचाई, पर्यायी व्यवस्था, स्टँडबाय हे शब्द त्याला श्रीखंडासारखे गोड लागत. त्याने घरातला गॅस स्टँडबाय म्हणून घोषित केला, त्यावर जुनी चादर घातली आणि सांगितले, “हा फक्त इमर्जन्सीला.” इमर्जन्सी कशाला म्हणायचे ते ठरेपर्यंत स्वयंपाक शेगडीवर करायचा होता.

त्याच सुमारास जवळच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेने रमाला केमिस्ट म्हणून बोलावले. मुलगी इरा लहान असताना सुटलेले काम पुन्हा हाताशी आले होते. विनायकचा विरोध नव्हता. तो विरोध करणाऱ्यांतला नव्हताच. “शेगडीचं एकदा मार्गी लागू दे, मग बघू,” एवढेच तो म्हणाला. अशा रीतीने एका बाईची नोकरी एका शेगडीच्या प्रकृतीवर अवलंबून राहिली, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. (रमालाही. सुरुवातीला.)

शेगडीची प्रकृती पहिल्याच आठवड्यात बिघडली. रमाने आमटीचे पातेले ठेवले. शेगडीने बीप करून ‘ई-शून्य’ दाखवला. पुस्तिकेत अर्थ दिला होता : भांडे आढळले नाही. शेगडीच्या मते भांडे नव्हते. रमाच्या मते होते, शिवाय त्यात आमटीही होती. विनायकच्या मते दोन्ही बाजूंची नोंद घेणे आवश्यक होते.

“अहो, पातेलं ॲल्युमिनियमचं आहे. लोहचुंबक चिकटत नाही त्याला. शेगडीला ते दिसणारच नाही,” रमा म्हणाली. ती एम.एस्सी. होती.

“बघू.”

विनायकची पद्धत कारखान्यात सिद्ध झालेली होती. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की आधी ‘ॲक्नॉलेज’चे बटण दाबतात. आवाज थांबतो. मग कारण शोधतात. यातला पहिला भाग विनायकने इतका आत्मसात केला होता की दुसऱ्याची गरज त्याला सहसा भासत नसे. शेगडी बीप करू लागली की तो हॉलमधून उठून येई, बटण दाबी, “नोंद घेतली” म्हणे आणि परत जाई. घरात शांतता नांदे. आमटी गार राही.

“बाबा, कंपनीतपण असंच करता?” अकरावीतल्या इराने विचारले.

“मग! सिस्टिम आहे ती.”

“मग आपण कल्याण-बिल्याणला राहायला जाऊया. इथून तळोजा फार जवळ पडतं.”

पुढे कोड वाढत गेले. सोसायटीच्या पाण्याची मोटर सुरू झाली की ई-एक (विजेचा दाब कमी), मोटर बंद झाली की ई-दोन (विजेचा दाब जास्त). ई-तीन म्हणजे शेगडी तापली, अशी शेगडीची तक्रार. ई-सहानंतर पुस्तिकेचा आत्मविश्वास संपे आणि ‘सेवा केंद्राशी संपर्क साधावा’ असे म्हणून ती मोकळी होई. सेवा केंद्रातल्या ध्वनिमुद्रित बाई तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असे सांगत. इतक्या वेळा सांगत, की शेवटी तो दुसऱ्या कोणासाठी महत्त्वाचा उरत नसे.

उरणहून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या ठमाबाईने दारातूनच निदान केले. “बाय, ही नुस्ती बोंबलते, शिजवत काय नाय. दिष्ट लागलीय तिला. मीठ-मिरची आन.”

“ठमाबाई, अहो यंत्र आहे ते.”

“मंग काय झाला? आमचे होडीच्या इंजिनाला नाय लागत?”

दृष्ट काढली आणि त्या दिवशी बोंबील खरोखरच तळले गेले. ते लोखंडी तव्यावर तळले होते, हे रमाच्या लक्षात आले. विनायक “योगायोग” म्हणाला, आणि मंगळवारी शेगडी पुन्हा बीप करू लागल्यावर त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, “ठमाबाई आता कधी येणार?”

शेवटी रमाने फ्रिजवरचे चुंबक पर्समध्ये टाकले आणि पनवेलच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन एकेका पातेल्याच्या बुडाला लावून पाहिले. “ताई, भांडं घेताय की त्याला तपासून औषध देताय?” दुकानदार म्हणाला. चुंबक ज्याला चिकटले ते पातेले तिने घरी आणले, मोटरीच्या वेळा टाळून स्वयंपाक केला, आणि शेगडी गप्प झाली. आमटीला उकळी आली.

विनायक अस्वस्थ झाला. कारखान्यात अलार्म बरेच दिवस वाजला नाही की आधी अलार्मच तपासतात. तो शेगडीभोवती फिरला, वाकून कान लावला. “चालतेय खरी,” तो म्हणाला, “पण थोडे दिवस निरीक्षणाखाली ठेवू.”

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या आशालता मॅडमचा फोन आला. “रमाताई, जागा अडवून धरलीय मी तुमच्यासाठी. पण आता स्पष्ट सांगा. सोमवारी दुसऱ्या कोणाला बोलावू का?”

“कोण आहे?” विनायकने खुणेने विचारले.

“लॅबमधून. आत्ता उत्तर हवंय.”

“सांग ना, बघू म्हणून.”

इथे वाचकांना विनायकचे हसू येईल, आणि ते योग्यच आहे. हसून झाल्यावर त्यांनी फक्त आठवून पाहावे, आपण स्वतः ‘बघू’ शेवटचे कोणाला म्हणालो. ते माणूस त्यानंतर गप्प झाले ते समाधान झाल्यामुळेच, असे आपल्याला नेमके कोणी कळवले?

रमाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मॅडम, कोणाला बोलावू नका. सोमवारपासून मी येतेय.”